चित्रवहीतच मांडा आपला कपड्यांचा व्यवसाय

फॅशनचा कोर्स संपवून बाहेर पडलेल्या मुलींच्या चित्रवह्या फार सुंदर असतात. उंच मान, लांब पाय, वाऱ्यावर उडणारे घेर, जलरंगातल्या छटा. पण हा कुर्ता केवढ्याला विकणार, कापड किती लागेल, शिवणार कोण, हे विचारलं की त्या वहीत उत्तर सापडत नाही. ते दुसऱ्या एखाद्या डायरीत असतं, नाहीतर बाबांच्या किंवा सीएच्या डोक्यात. या लेखात मला एकच गोष्ट पटवायची आहे: ज्या हाताने गळ्याची रेघ काढता, त्याच हाताने, त्याच वहीत, त्या रेघेला लागणारा पैसा, माणसं आणि दिवसही काढा. चित्र काढता येणं ही तुमची सगळ्यात मोठी पुंजी आहे. ती फक्त कपडा दाखवण्यात खर्च करू नका.

चित्रातून व्यवसायाकडे जाणारी वाट आपल्याकडे जुनी आहे. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि 'इव्हज वीकली' या नियतकालिकासाठी फॅशनची रेखाटनं करू लागल्या. त्याच नियतकालिकाच्या संपादिकेने बुटिक उघडलं आणि कपडे डिझाइन करून बघ म्हणून त्यांना विचारलं. तिथून त्या चित्रपटांकडे गेल्या आणि १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. कागदावरचं चित्र बघून कुणीतरी खरा कपडा मागितला, तिथे त्यांचं काम बदललं. तुमच्याही वहीची तयारी त्या मागणीसाठी हवी.

पुढची सगळी उदाहरणं पुण्यातल्या एका छोट्या, एकटीने सुरू केलेल्या लेबलची धरली आहेत: हातमागाच्या सुती कापडाचे कुर्ते आणि खणाची जाकिटं. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही भरा.

वही कशी लावायची

ए-फोर आकाराची कोरी वही आणि आलेख कागदाचा एक गठ्ठा, एवढं पुरे. उजव्या पानावर चित्र, डाव्या पानावर आकडे. प्रत्येक पानावर तारीख घाला. प्रत्येक कपड्याला एक क्रमांक द्या, उदाहरणार्थ 'कुर्ता ०३', आणि तोच क्रमांक खाक्यावर (कापड कापायचा कागदी साचा), नमुन्याच्या चिठ्ठीवर, बिलावर आणि फोटोच्या नावात शेवटपर्यंत चालवा. पहिल्या हंगामात हे जरा जास्तच वाटेल. दुसऱ्या हंगामात 'तो निळा, गोल गळ्याचा' म्हणून चार जण चार वेगळे कुर्ते शोधू लागले की त्याची किंमत कळते.

आधी गिऱ्हाईक काढा

पहिलं चित्र कपड्याचं नको, माणसाचं हवं. नाशिकच्या बँकेत काम करणारी चाळिशीची बाई धरा. ती स्कूटरवर बसलेली काढा, लोकलच्या गर्दीत नव्हे, कारण नाशिकला ती स्कूटरवरच असते. मग आपोआप दिसतं की बाजूची चीर किती वर हवी, ओढणी नको, खिशात मोबाइल मावला पाहिजे, आणि कापड मशिनमध्ये धुता आलं पाहिजे. तिचं कपाट काढा: त्यात आधीच काय लटकलंय आणि तिथे तुमच्या कुर्त्याला जागा कुठे आहे. ती एका कुर्त्याला किती पैसे सहज देते, तो आकडा पानाच्या कोपऱ्यात मोठा लिहा. पुढच्या सगळ्या पानांना तो बांधून ठेवतो.

ही आकृती खऱ्या प्रमाणात काढा. फॅशनच्या रेखाटनात आकृती नऊ-दहा डोक्यांइतकी उंच काढायची पद्धत आहे. प्रत्यक्षात माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो, आणि वाढवलेली उंची बहुतेक पायांत जाते. त्यामुळे चित्रात गुडघ्याशी थांबलेला डौलदार कुर्ता खऱ्या अंगावर आखूड आणि रुंद दिसतो. प्रदर्शनासाठी उंच आकृती ठेवा, निर्णय मात्र साडेसात डोक्यांच्या आकृतीवर घ्या. मापांसाठी परदेशी तक्ता डोळे मिटून उचलू नका. भारतीय अंगासाठी स्वतंत्र तक्ता हवा म्हणूनच निफ्ट या फॅशन शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला. तुमच्या ओळखीतल्या, तुमच्या गिऱ्हाइकासारख्या पंधरा-वीस बायकांची मापं स्वतः घेतलीत तरी सुरुवातीला पुष्कळ.

पहिला संग्रह एका पानावर

एका पानावर बारा चौकोन आखा. पहिला संग्रह त्यात मावला पाहिजे, आणि काही चौकोन रिकामे राहिले तर उत्तमच. चाळीस डिझाइन काढता येतात म्हणून चाळीस शिवायची नसतात. प्रत्येक नव्या डिझाइनमागे नवा खाका, नवा नमुना, पाच साइझ आणि उरलेला माल येतो.

मी सुचवते ती मांडणी अशी: मूळ खाके तीनच. एक सरळ कुर्ता, एक कळीदार, एक जाकीट. बाही, गळा, लांबी आणि कापड बदलून त्यातूनच नऊ-दहा कपडे निघतात. कापडं दोन-तीन. रंग ठरवताना चौकोनांमध्ये खरंखुरं कात्रण चिकटवा, रंगपेटीतला रंग नको. हातमागावरचा निळा आणि बाटलीतला निळा यांत अंतर असतं.

फ्लॅट: मास्तरांना वाचता येईल असं चित्र

पान रंगवून झालं की खरं काम सुरू होतं. फ्लॅट म्हणजे कपडा जमिनीवर पसरल्यासारखा, अंगाशिवाय, पट्टी लावून काढलेला. पुढची बाजू आणि मागची बाजू, दोन्ही. अखंड रेघ म्हणजे शिवण, तुटक रेघ म्हणजे वरून दिसणारी टीप. त्यावर लांबी, छाती, कंबर, घेर, तीरा (खांद्यांची रुंदी), मुंढा (बाही जोडतात ती गोलाई), बाहीची लांबी आणि गळ्याची खोली लिहा. बटणांमधलं अंतर लिहा. खिसा शिवणीतला की वरून लावलेला ते दाखवा. उरेब, म्हणजे तिरकं, कापायचं असेल तिथे उभ्या धाग्याची दिशा बाणाने दाखवा. आणि माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड! बाजूच्या शिवणीत किती माया ठेवलीय हे आपल्याकडे गिऱ्हाईक दुकानात कुर्ता उलटा करून बघतं. ती इंच-दीड इंच माया कापडाचा खर्च वाढवते, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत कुर्ता सैल करता येतो, आणि त्यासाठी बायका परत तुमच्याकडे येतात. माझं मत स्पष्ट आहे: माया कापून पैसे वाचवू नका.

फ्लॅट नीट उतरला की नाही, हे तपासायची सोपी रीत आहे. कागद कटिंग मास्तरांसमोर ठेवा आणि तुम्ही गप्प बसा. "ताई, चेन पाठीला की बाजूला?", "अस्तर बाहीलापण?", "काज आडवं का उभं?" मास्तर जो जो प्रश्न विचारतील ती तुमच्या चित्रातून सुटलेली रेघ. तोंडी उत्तर देऊन सोडू नका, तिथेच कागदावर भरा. मास्तरांना चाळीस वर्षांचा हात असतो. त्यांनी "हा मुंढा असा बसणार नाही" म्हटलं तर ऐका आणि का ते विचारा. त्या दहा मिनिटांत जे शिकायला मिळतं ते वर्गात क्वचित मिळतं.

कापडाची मांडणी

हे पान बहुतेक जणी काढतच नाहीत, आणि नफ्यातला मोठा भाग इथेच हातातून जातो. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंच असेल तर तो साधारण ११२ सेंटीमीटर. आलेख कागदावर दहाला एक या प्रमाणात ११.२ सेंटीमीटर रुंदीची पट्टी आखा. त्याच प्रमाणात पुढचा भाग, पाठ, बाह्या, कळ्या, गळपट्टी कागदाची कापा आणि पट्टीवर सरकवून बघा. बाही कुठे बसते, पट्ट्यांची नक्षी जुळवायला किती कापड जादा जातं, कडेला किती चिंध्या उरतात, सगळं डोळ्यांसमोर येतं. एका कुर्त्यामागे १५ सेंटीमीटर वाचले तर ६० कुर्त्यांत ९ मीटर. मीटरला २८० रुपये भाव धरला तर २,५२० रुपये, कागदाच्या तुकड्यांशी तासभर खेळून.

पारंपरिक खणाचा पन्हा लहान असतो, म्हणून खणाच्या जाकिटाची मांडणी स्वतंत्र काढावी लागते. ४४ इंचांवर बसवलेला खाका तिथे चालत नाही. आपले जुने कपडे या बाबतीत मन लावून बघा. बाराबंदी, बंडी, कळीदार झगे: सरळ पट्ट्या, तिरक्या कळ्या, काखेत चौबगळा (तिथे जोडायचा तुकडा). अरुंद कापड वाया जाऊ नये अशा बेताने ते बेतलेले होते. एखादी जुनी बंडी मिळाली तर उसवून तिचे तुकडे जसेच्या तसे वहीत काढून ठेवा.

नमुना आणि धुलाई

पहिला नमुना मांजरपाटाचा, म्हणजे स्वस्त जाड्याभरड्या सुती कापडाचा शिवा. चुका त्यावर होऊ द्या. पेनाने थेट कापडावर खुणा करा आणि त्या फ्लॅटवर उतरवा. दुसरा नमुना खऱ्या कापडाचा.

मध्ये एक परीक्षा आहे. खऱ्या कापडावर ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा, गिऱ्हाईक धुईल तसंच धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. उभा आणि आडवा वेगवेगळा मोजा. ५० चे ४८ झाले तर कापड ४ टक्के आटलं, म्हणजे १०० सेंटीमीटरचा कुर्ता ९६ वर आला. हा आकडा कात्रणाशेजारी लिहा. एकाच विणकराच्या दोन ताग्यांतही फरक पडू शकतो, म्हणून प्रत्येक नव्या ताग्याला ही परीक्षा. रंग सुटतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून त्याच वेळी बघून घ्या.

किमतीचं पान

आता 'कुर्ता ०३' च्या फ्लॅटवरून बाण काढा आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला रुपये लिहा. कापड अडीच मीटर, २८० प्रमाणे ७००. गळ्या-छातीचं अस्तर ६०. बटणं, दोरा, लेबल ७०. कटिंग आणि शिलाई ३५०. गळ्यावरचं हातभरत २००. इस्त्री आणि पॅकिंग ५०. बेरीज १,४३०. डाग, चुकीचा कट, नापास नग यांसाठी साधारण ५ टक्के, म्हणजे ७० रुपये. झाले १,५००.

इथे थांबणाऱ्या पुष्कळ असतात. खोलीचं भाडं, वीज, फोन, फोटोशूट, येणं-जाणं आणि तुमचा स्वतःचा पगार मिळून महिना ३६,००० होत असतील आणि महिन्याला ६० नग विकले जात असतील, तर प्रत्येक कुर्त्यावर आणखी ६०० रुपये बसतात. खरा खर्च २,१०० रुपये. स्वतःचा पगार या हिशेबात नसेल तर तुम्ही घरच्यांच्या पैशावर गिऱ्हाइकाला स्वस्तात कुर्ता देताय, आणि हे फार दिवस चालत नाही.

समजा किंमत २,४८० ठेवली. थेट विकलात तर नगामागे ३८० उरतात. तोच कुर्ता बुटिकमध्ये ठेवला आणि त्यांचं कमिशन ३५ टक्के असेल तर ८६८ रुपये त्यांचे, तुमच्या हातात १,६१२. कुर्त्याचा प्रत्यक्ष खर्च १,५००, म्हणजे भाडं आणि पगार भागवायला नगामागे ११२ रुपये. यावर दुकान चालत नाही. म्हणून बुटिकसाठी वेगळं डिझाइन काढा, ज्याचं मोल गिऱ्हाइकाला दिसतं पण शिलाईचे तास कमी आहेत. खणाचं जाकीट त्यासाठी चांगलं. किंमत वाढवायची आणि घरून स्वस्तात विकायचं, हा मार्ग मात्र नको. दुकानदाराला ते कळतं आणि तो पुढच्या वेळी माल ठेवत नाही.

करही रेघेवर परिणाम करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. २,४८० च्या कुर्त्यावर १२४ रुपये कर, गिऱ्हाईक देणार २,६०४. तोच २,६०० ला लावला तर कर ४६८, गिऱ्हाईक देणार ३,०६८. तुम्हाला १२० रुपये जादा मिळावेत म्हणून तिच्या खिशातून ४६४ जातात. जीएसटी नोंदणी झालेली असेल तर २,५०० आणि ३,००० च्या मधली किंमत बहुधा टाळावी; भरतकाम थोडं कमी करून खाली या, नाहीतर कपडा खरोखर वरच्या दर्जाचा करा.

माणसांचा आणि मालाचा नकाशा

एक आडवं पान घ्या. डावीकडे कापड, उजवीकडे गिऱ्हाईक, आणि मधला प्रत्येक थांबा काढा: विणकर किंवा व्यापारी, रंगारी, कटिंग, भरतकाम, शिलाई, काज-बटण, इस्त्री, फोटो. प्रत्येक बाणावर तीन गोष्टी लिहा: किती दिवस, कोण नेऊन देणार, पैसे कधी. मुंबईत मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केटात कापड, भुलेश्वरला लेस आणि बटणं. पुण्यात रविवार पेठ. पहिल्या खेपेला खरेदी करू नका. फक्त कात्रणं आणि भाव घेऊन या, प्रत्येक कात्रणामागे दुकानाचं नाव, पन्हा आणि 'हाच माल पुन्हा मिळेल का' याचं उत्तर लिहा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. साठ कुर्त्यांची मागणी आली आणि कापड संपलेलं असलं की चित्राचा उपयोग नाही.

ज्या थांब्याला एकच माणूस आहे तिथे लाल गोल करा. एकच भरतकाम करणारा, एकच मास्तर. त्या गोलांना दुसरं नाव शोधणं हे पुढच्या दोन महिन्यांचं काम. आणि कारागिरांचा हप्ता ठरल्या दिवशी द्या, तुमचे पैसे अडकले असले तरी. या धंद्यात तुमची पत बाजारात सांगणारी पहिली माणसं तीच.

दिवाळीपासून मागे मोजा

वर्षाचं पान शेवटाकडून भरा. दिवाळीचा माल सणाआधी तीन-चार आठवडे दुकानात हवा, फोटो त्याआधी, शिलाई त्याआधी, आणि हातमागाचं कापड सांगायचं तर आषाढातच. पावसाळ्यात रंगवलेलं कापड लवकर वाळत नाही, ते दिवस वाढवून धरा. गणपतीत कोकणातली माणसं गावी जातात, ईदला भरतकामाचे अड्डे रिकामे होतात; हे सण कॅलेंडरवर सुट्टी म्हणून आधीच रंगवा. पितृपक्षात विक्री मंदावते. लगेच नवरात्र येतं आणि नऊ दिवसांचे नऊ रंग ऑफिसात जाणाऱ्या बायका हौसेने पाळतात. साध्या, एकरंगी कुर्त्यांना तेव्हा चांगला उठाव असतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, मग पाडवा, अक्षय्य तृतीया. अधिक मास असलेल्या वर्षी ही सगळी गणितं सरकतात, म्हणून पान भरताना पंचांग शेजारी ठेवा.

त्याच पानाखाली दोन ओळी: पैसे बाहेर लाल शाईने, पैसे आत निळ्याने. साठ कुर्त्यांच्या कापडाचेच ४२,००० रुपये पहिल्या आठवड्यात जातात. बुटिकचा पैसा माल विकल्यानंतर महिन्याने येतो. लाल आणि निळ्यामधलं अंतर म्हणजे तुम्हाला लागणारं भांडवल. तेवढंच उभं करा. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, आणि अर्ज करताना हीच पानं बँकेच्या साहेबांपुढे ठेवता येतात.

कागदपत्रं आणि चित्रांचं रक्षण

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे, मध्यस्थाला पैसे देऊ नका. ती असेल आणि तुम्ही स्वतः माल बनवत असाल, तर माल विकत घेणाऱ्या दुकानाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत असा कायदा आहे. विकला तर पैसे या बोलीवर ठेवलेल्या मालाला मात्र तो तसा लागू पडत नाही. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. परराज्यात माल पाठवायचा तर सहसा त्याआधीच. हस्तकलेच्या काही मालाला सवलत आहे, तुमचा माल त्यात बसतो का हे सीएंना विचारून घ्या. लेबलच्या नावाचा ट्रेडमार्क २५ व्या, म्हणजे कपड्यांच्या, वर्गात, व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे ४,५०० रुपये. नाव छापून लेबलं विणून घेण्याआधी हे करा.

चित्रांबद्दल एक गोष्ट प्रत्येकीला माहीत हवी. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं डिझाइन तुम्ही नोंदवलं नाही, आणि त्यावरून औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त नग निघाले, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या डिझाइनवरचा तुमचा कॉपीराइट संपतो. नोंदवलं तर १० वर्षं संरक्षण, पुढे आणखी ५ वाढवता येतात. पण अर्जाआधी ते कुठेही प्रसिद्ध झालेलं चालत नाही. म्हणजे आधी इन्स्टाग्रामवर टाकलं आणि मग अर्ज केला, तर उशीर झाला. प्रत्येक गळा नोंदवत बसू नका. ज्यावरून लोक तुम्हाला ओळखतील अशी एखादी छपाई किंवा एखादा आकार निवडा आणि तेवढ्याचा अर्ज आधी करा. दुसऱ्याच्या हक्काचीही तेवढीच काळजी घ्या: पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, यंत्रमागावरच्या नक्कलकापडाच्या जाकिटावर ते नाव घालू नका.

पहिला माल विकल्यावर

आता पुन्हा बारा चौकोनांच्या पानावर या. प्रत्येक चित्राखाली साइझनुसार किती गेले, किती परत आले आणि का, हे लिहा. 'काखेत घट्ट' असं तीनदा आलं तर मुंढ्याची रेघ तिथेच, लाल पेनाने, बदला आणि खाकाही त्याच दिवशी कापून ठेवा. पूर्ण किमतीला गेलेले आणि सवलतीत काढावे लागलेले नग वेगळे मोजा. लागोपाठ दोन हंगाम सवलतीशिवाय न गेलेला कपडा पुढच्या बारा चौकोनांत घेऊ नका. त्याचा खाका मात्र फेकू नका, त्याची बाही किंवा कॉलर दुसऱ्या कुर्त्याला कामाला येते.